घरून कामाची ऑफर आली आहे? होकार देण्याआधी ही तपासणी करा

पुण्यात हिंजवडीच्या वाटेवर रोज संध्याकाळी अडकून पडणाऱ्या माणसाला घरून करायची नोकरी हवीशी वाटली तर त्यात नवल नाही. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला दिवसातून दोन-चार तासांचं ऑनलाइन काम हवं असतं. बाळ लहान असलेल्या आईला हवं असतं, आणि नोटीस पिरियडवर बसलेल्या इंजिनिअरला तर हवंच असतं. फसवणाऱ्यांना ही गरज नेमकी ठाऊक असते.

मी अशीच नोकरी शोधली आणि आता घरूनच काम करते. तेव्हापासून नात्यातली आणि सोसायटीतली मुलं आपापल्या ऑफरचे स्क्रीनशॉट मला पाठवतात. ‘ताई, ही खरी आहे का बघ ना.’ त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. क्रम सोडू नका. पहिल्या दोन पायऱ्यांतच बहुतेक बनावट ऑफर गळून पडतात आणि पुढची शोधाशोध करावी लागत नाही.

सगळ्या पायऱ्यांमागे सूत्र एकच आहे: ऑफर देणाऱ्याने हातात दिलेल्या गोष्टीने त्याचीच पडताळणी करायची नाही. त्याने दिलेला नंबर, त्याने पाठवलेली लिंक, त्याने दाखवलेलं सर्टिफिकेट, त्याच्या ग्रुपमध्ये ‘मला आजच पगार मिळाला’ म्हणणारी मंडळी, हे सगळं त्याच्याच घरचं. कंपनी आपण आपल्या वाटेने शोधायची आणि तिथून त्या माणसापर्यंत यायचं.

हाताशी काय ठेवायचं

- आलेला मूळ मेसेज किंवा ईमेल, न पुसता. नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट.
- शक्यतो लॅपटॉप. मोबाइलवर ईमेलचा खरा पत्ता आणि लिंकचं पूर्ण नाव लपलेलं असतं.
- कंपनी व्यवहार मंत्रालयाचं पोर्टल. इथे कंपनीची मूळ नोंद फुकट बघता येते.
- जीएसटी पोर्टलवरचा ‘सर्च टॅक्सपेअर’ विभाग. यालाही पैसे लागत नाहीत.
- ‘हूइज’ शोध देणारी कुठलीही साइट. वेबसाइटचं नाव कधी नोंदलं गेलं ते तिथे कळतं.
- मास्क्ड आधारची प्रत, म्हणजे ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात ती. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या साइटवरून डाउनलोड होते.
- एक वेगळा ईमेल आयडी, फक्त नोकरी शोधण्यासाठी. बँकेला जोडलेला आयडी नोकरीच्या साइटवर टाकू नका.

१. आधी ऑफरची जात ओळखा

बनावट ऑफर दिसायला हजार प्रकारच्या असल्या तरी साचे थोडेच आहेत. साचा ओळखला की निम्मं काम झालं.

*टास्कचं काम.* अनोळखी नंबरवरून, बऱ्याचदा परदेशी कोड असलेल्या, व्हॉट्सअॅप येतं: ‘व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, एका लाइकचे ५० रुपये.’ होकार दिला की टेलिग्रामवर पाठवतात. पहिले शे-दीडशे रुपये खरंच खात्यात येतात, आणि हाच सापळ्याचा मुख्य भाग आहे. आपल्या मनातला संशय त्या दीडशे रुपयांनी विकत घेतला जातो. मग ‘प्रीपेड टास्क’ सुरू होतो: हजार भरा, तेराशे परत. ते तेराशेही येतात. नंतर तुम्हाला पाच-सहा जणांच्या ग्रुपमध्ये घेतात. तिथले बाकी सगळे त्यांचेच लोक असतात आणि सगळ्यांनी आपापला टास्क पूर्ण केलेला असतो. तुमच्याकडून मात्र ‘चुकीचा क्रम दाबला जातो’, पैसे ‘गोठतात’, आणि ते सोडवायला आणखी मोठी रक्कम लागते. शेवटी ‘टॅक्स भरा, मग सगळं काढता येईल’ असं सांगतात. स्क्रीनवर दिसणारी शिल्लक म्हणजे त्यांच्या वेबसाइटवर टाइप केलेला एक आकडा, त्यापलीकडे काही नाही. आणखी एक: सुरुवातीला आलेले पैसे दुसऱ्या एखाद्या फसलेल्या माणसाचे असू शकतात, आणि त्याने तक्रार केली तर गोत्यात तुमचं खातं येतं.

*डेटा एंट्री.* इथे सुरुवातीला कुणी पैसे मागत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. ऑनलाइन करारावर सही घेतात, आठवड्याभरात काही शे फॉर्म भरायला देतात, आणि मग ‘तुमची अचूकता कमी भरली, करारभंग झाला’ म्हणून हजारो रुपयांची मागणी करतात. पाठोपाठ ‘वकिलाचा’ फोन आणि कोर्टाच्या शिक्क्याची पीडीएफ येते. करारभंग हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस पकडायला येत नाहीत, आणि कोर्ट फोनवरून गुगल पेवर दंड मागत नाही. केस नंबर दिला असेल तर ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा अॅपवर टाकून बघा. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो आणि तो कुणालाही तपासता येतो. बनावट नोटिशीतला नंबर तिथे सापडत नाही, किंवा सापडला तर पक्षकार भलतेच निघतात.

*डिपॉझिट.* लॅपटॉपसाठी, ट्रेनिंगसाठी, ‘डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन’साठी, आयडी कार्डसाठी. रक्कम मुद्दाम लहान ठेवतात, आणि ‘रिफंडेबल’ हे विशेषण जोडलेलं असतंच.

*पॅकिंग.* घरी बसून पेन्सिली पॅक करा, महिन्याला तीस हजार. एखाद्या प्रसिद्ध ब्रँडचं नाव, हसतमुख बाईचा फोटो, नोंदणी फी काही शे रुपये. नंतर कुरिअर फी, मग गेट पास फी. पेन्सिली कारखान्यात यंत्राने डब्यात भरल्या जातात. त्या तुमच्या हॉलमध्ये आणून, भरून, परत नेणं कुठल्या कंपनीला परवडेल याचा हिशोब एकदा मांडून बघा.

*खातं वापरू द्या.* ‘पेमेंट एजंट’ अशा गोंडस पदाखाली काम एवढंच: तुमच्या खात्यात पैसे येतील, दोन टक्के ठेवून बाकीचे पुढे पाठवा. हा सगळ्यांत घातक प्रकार आहे, कारण यात तुम्ही पैसे गमावत नाही, तुम्ही आरोपी होता. फसवणुकीचा पैसा तुमच्या खात्यातून फिरलेला असतो. कॉलेजातली मुलं यात खूप ओढली जातात. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम भाड्याने देणं हाही याचाच भाग.

*मोठ्या कंपनीचं चोरलेलं नाव.* उरलेल्या पायऱ्या मुख्यतः याच प्रकारासाठी आहेत, कारण वरचे पाच ओळखू येतात, हा पटकन येत नाही.

२. पैसा कुठल्या दिशेने जातो आहे ते बघा

नोकरीत पैसा कंपनीकडून तुमच्याकडे येतो. पहिला पगार हातात पडण्याआधी एक रुपयाही उलट दिशेने जायची मागणी झाली तर तपासणी तिथेच थांबवा. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो यांच्या करिअरच्या पानांवर स्पष्ट लिहिलेलं आहे की भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर उमेदवाराकडून पैसे घेतले जात नाहीत. लहान कंपन्या हे लिहीत नाहीत, पण वागतात तशाच. पार्श्वभूमी तपासणीचा खर्च कंपनी करते, लॅपटॉप कंपनी पाठवते.

इथे लोक एक युक्तिवाद करतात: ‘पाचशेच तर आहेत, गेले तर गेले.’ पाचशे भरणारा माणूस पुढे पाच हजारही भरतो हे त्यांना अनुभवाने माहीत असतं. पहिली रक्कम ही तुमची चाचणी असते.

यूपीआयचा एक नियम पाठ करा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. ‘पगार जमा करतोय, रिक्वेस्ट स्वीकारा आणि पिन टाका’ असं कुणी म्हटलं तर तो पगार तुमच्या खात्यातून बाहेर चाललेला आहे.

३. कंपनी तुमच्या वाटेने शोधा

ऑफरमधल्या लिंकवर क्लिक न करता कंपनीचं नाव स्वतः टाइप करून तिची साइट उघडा. करिअरच्या पानावर ती जागा आहे का बघा. नसेल तर साइटवरचा फोन नंबर किंवा ईमेल घ्या आणि विचारा: ‘अमुक नावाच्या रिक्रूटरने माझ्याशी संपर्क केला आहे, ती तुमच्याकडे काम करते का?’ हा प्रश्न विचारायला आपल्याकडे लोक फार संकोचतात. एचआर चिडेल, ऑफर हातची जाईल असं वाटतं. मी असे ईमेल पाठवले आहेत आणि खऱ्या कंपन्यांकडून दर वेळी सभ्य उत्तर आलं आहे. एका कंपनीने तर उलट विचारलं की तो मेसेज आम्हाला पाठवाल का.

लिंक्डइनवर रिक्रूटरचं प्रोफाइल असणं हा पुरावा नाही, कारण प्रोफाइल बनवायला दहा मिनिटं लागतात. ते खातं कधीचं आहे, त्याच कंपनीतले इतर लोक त्याला जोडलेले आहेत का, जुन्या पोस्ट आहेत का हे बघा. मात्र खऱ्या रिक्रूटरचं नाव आणि फोटो चोरून वेगळ्या नंबरवरून मेसेज करणारेही आहेत. म्हणून प्रोफाइल खरं वाटलं तर त्याच प्रोफाइलवर लिंक्डइनमधूनच मेसेज टाका आणि व्हॉट्सअॅपवरचा माणूस तुम्हीच का, असं विचारा.

४. ईमेलचा पत्ता अक्षर अक्षर वाचा

नाव काय दिसतं ते सोडा, ॲट चिन्हाच्या पुढचा भाग वाचा. मूळ नावाला ‘करिअर्स’, ‘एचआर’, ‘इंडिया’ असं शेपूट जोडून नवं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, विकत घेणं हा नेहमीचा प्रकार. एक अक्षर बदलणं, इंग्रजी ‘एल’च्या जागी आकडा एक टाकणं हा दुसरा. ‘रिप्लाय’ दाबल्यावर पत्ता बदलतो का तेही बघा. पाठवणाऱ्याचं नाव कंपनीचं आणि उत्तर जाणार भलत्याच जीमेलवर, असं सर्रास असतं.

मग ते डोमेन हूइजमध्ये टाका. कंपनी म्हणते आम्ही वीस वर्षं या धंद्यात आहोत आणि डोमेन नोंदलंय मागच्या महिन्यात, तर निकाल लागला.

५. सरकारी नोंद बघा, आणि ती किती सांगते तेही ओळखा

कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे कंपनीने लेटरहेडवर आपलं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, छापायचा असतो. ऑफर लेटरवर सीआयएनच नसेल तर मागून घ्या.

सीआयएन २१ अक्षर-आकड्यांचा असतो आणि तो नीट वाचला तर बोलतो. पहिलं अक्षर ‘एल’ म्हणजे शेअर बाजारात सूचिबद्ध, ‘यू’ म्हणजे नाही. पुढचे पाच आकडे धंद्याचे, मग राज्याची दोन अक्षरं, मग नोंदणीचं वर्ष, मग ‘पीटीसी’ म्हणजे प्रायव्हेट किंवा ‘पीएलसी’ म्हणजे पब्लिक, आणि शेवटी सहा आकडे. पुण्याच्या कंपनी निबंधकाकडे नोंदलेल्या अनेक कंपन्यांच्या क्रमांकात राज्याच्या जागी ‘पीएन’ दिसतं, ‘एमएच’ नाही, त्यामुळे ते पाहून दचकू नका. पर्सिस्टंट सिस्टिम्सच्या क्रमांकातही ‘पीएन’ आणि त्यापुढे १९९० हे वर्ष आहे. तुमच्या ऑफर लेटरवर ‘स्थापना २०१२’ लिहिलंय आणि सीआयएनमध्ये २०२३ असेल तर विचारा का ते.

पोर्टलवर कंपनीची स्थिती ‘अॅक्टिव्ह’ आहे की ‘स्ट्राइक ऑफ’ (नोंदीतून काढून टाकलेली), पत्ता कुठला, संचालक कोण हे दिसतं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि त्याच्या पोटात कंपनीचा पॅन असतो. तो टाकला की कायदेशीर नाव आणि नोंदणीची तारीख कळते. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधी लागू होतो, म्हणून ‘आमच्याकडे पाचशे लोक आहेत’ म्हणणारी कंपनी ईपीएफओच्या आस्थापना शोधात सापडायला हवी.

पण थांबा. हे सगळे क्रमांक उघड असतात, म्हणजे ते कुणीही उचलून आपल्या बनावट लेटरवर छापू शकतो. क्रमांक खरा निघाला याचा अर्थ फक्त एवढाच की त्या नावाची कंपनी अस्तित्वात आहे. तुमच्याशी बोलणारा माणूस तिचा आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणूनच तिसरी पायरी सोडायची नाही. बऱ्याच जणांची गाडी इथेच घसरते: ‘मी जीएसटी चेक केला, बरोबर होता’ असं ते सांगतात. बरोबरच असणार, दुसऱ्याचा होता ना. उद्यम नोंदणीचं सर्टिफिकेट तर स्वतःच जाहीर केलेल्या माहितीवर फुकट मिळतं, त्याला या कामी वजन देऊ नका.

६. पत्ता पुण्यातला असेल तर जाऊन या

हा आपला फायदा आहे, तो घ्या. खराडी, बाणेर, मगरपट्टा, तळवडे, जिथला पत्ता असेल तिथे एक चक्कर मारा. आयटी पार्कमध्ये अपॉइंटमेंटशिवाय वर सोडत नाहीत, पण गेटवरच्या सिक्युरिटीला विचारून किंवा लॉबीतल्या पाटीवरून कंपनी त्या इमारतीत आहे की नाही एवढं कळतं. को-वर्किंगचा, म्हणजे अनेक कंपन्या भाड्याने वापरतात अशा सामाईक ऑफिसचा, पत्ता निघाला तर लगेच निष्कर्ष काढू नका, कितीतरी खऱ्या लहान कंपन्या तिथूनच चालतात. रिसेप्शनवर नाव विचारा.

शहरातल्या काही ‘कन्सल्टन्सी’ मात्र चांगलं ऑफिस थाटून, समोर बसवून, चहा पाजून फसवतात. ‘बॅकडोअर एन्ट्री’ आणि बनावट अनुभवाचे कागद विकणारे याच वर्गातले. तिथे दीड-दोन लाख भरून नोकरी लागली तरी पार्श्वभूमी तपासणीत पीएफचा इतिहास बघितला जातो, आणि तिथे तो खोटा अनुभव उघडा पडतो.

७. इंटरव्ह्यूत काय बघायचं

फक्त चॅटवर झालेला इंटरव्ह्यू हा इंटरव्ह्यू नाही. कॅमेरा बंद ठेवून पाच प्रश्न, आणि अर्ध्या तासात ‘अभिनंदन’, हेही नाही. खरी कंपनी तुमच्यावर महिन्याला पैसे खर्च करणार असते, ती तुम्हाला नीट पारखते. निदान एका फेरीत ज्याच्या हाताखाली काम करायचं तो माणूस समोर यायला हवा.

तुम्हीही विचारा: टीममध्ये किती जण आहेत, माझ्या आधी हे काम कोण करत होतं, पहिल्या महिन्यात माझ्याकडून काय अपेक्षा आहे, कामाचे तास कुठल्या देशाच्या घड्याळाप्रमाणे. बनावट रिक्रूटरकडे पगाराचं उत्तर तयार असतं, कामाचं नसतं.

इंटरव्ह्यूसाठी एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट पाठवलेलं अॅप, टाकायला सांगितली तर टाकू नका. अशा अॅपला मेसेज वाचायची परवानगी मिळाली की बँकेचे ओटीपी त्यांच्याकडे जातात. एनीडेस्कसारखं दुसऱ्याच्या हाती स्क्रीन देणारं अॅपही नाही. मीट, झूम किंवा टीम्स ब्राउझरमध्येच चालतात.

८. डेव्हलपर असाल तर कोडिंग टेस्ट जपून चालवा

हे वेगळं लिहिते आहे, कारण पुण्यात याचे वाचक भरपूर आहेत आणि ‘आम्ही कशाला फसतोय’ असं सगळ्यांत जास्त यांनाच वाटतं.

लिंक्डइनवर रिक्रूटर भेटतो, परदेशी कंपनी, बहुतेक क्रिप्टो किंवा एआयमधली. बोलणं व्यवस्थित, पगार डॉलरमध्ये. मग एक रेपॉझिटरी, म्हणजे कोडचा साठा, देतात: ‘क्लोन करा, चालवा, हा बग दुरुस्त करा.’ ते प्रोजेक्ट चालवलं की त्यात दडलेला कोड ब्राउझरमधले पासवर्ड, क्रिप्टो वॉलेटच्या चाव्या आणि मशीनवरच्या फाइली उचलून पाठवतो. पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ ने २०२३ मध्ये या मोहिमेला ‘कंटेजिअस इंटरव्ह्यू’ असं नाव दिलं आणि तिचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. सध्याच्या कंपनीच्या लॅपटॉपवर अशी टेस्ट चालवली तर आग तुमच्यापुरती राहत नाही.

करायचं काय: अनोळखी प्रोजेक्ट व्हर्च्युअल मशीनमध्येच उघडायचं, जिथे तुमचा एकही पासवर्ड नाही. ‘इन्स्टॉल’ करण्याआधी पॅकेज फाइलमधले स्क्रिप्ट वाचायचे, कारण काही स्क्रिप्ट इन्स्टॉल करतानाच चालतात. एका ओळीत हजारो अक्षरं कोंबलेली फाइल दिसली की थांबायचं. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही म्हणजे नाही.

९. ऑफर लेटर

पद, कामाचं ठिकाण, सीटीसीची फोड, पीएफ, प्रोबेशन, नोटीस पिरियड, सही करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि हुद्दा, एवढं तरी असतंच. नुसता ‘महिना ४५,०००’ असा आकडा आणि तीन रंगीत शिक्के असतील तर ते लेटर नव्हे. गंमत म्हणजे बनावट लेटरवर शिक्के जास्त असतात. कुठल्या तरी मंत्रालयाचा लोगो, आयएसओचा गोल, कधी राजमुद्रा. खासगी कंपनीच्या लेटरवर राजमुद्रेचं काय काम?

‘आज रात्री आठपर्यंत कन्फर्म करा, नाहीतर जागा जाईल’ अशी घाई हा स्वतंत्र धोक्याचा कंदील आहे. दोन दिवस मागा. खरी कंपनी देते.

१०. कागदपत्रं कधी आणि किती द्यायची

अर्जाच्या वेळी रेझ्युमे पुरे. त्यावर जन्मतारीख, पूर्ण पत्ता, पॅन काही लिहू नका. ऑफर स्वीकारल्यावर आणि वरची तपासणी झाल्यावर पॅन, मास्क्ड आधार, शिक्षणाची प्रमाणपत्रं, मागची पगारपत्रकं, यूएएन (पीएफचा क्रमांक) आणि पगार जमा व्हायला खातं क्रमांक एवढं मागणं रास्त आहे. ओटीपी, एटीएम कार्डाचा फोटो, नेट बँकिंगचा पासवर्ड, कोरा सही केलेला चेक, हातात आधार धरलेला व्हिडिओ यातलं काहीही नाही. प्रतीवर ‘फक्त अमुक कंपनीच्या नोकरीसाठी’ असं आडवं लिहून तारीख घाला.

चुकीच्या हाती पॅन-आधार गेलंच असेल तर यूआयडीएआयच्या साइटवरून किंवा अॅपमधून बायोमेट्रिक लॉक करा. क्रेडिट रिपोर्ट काढून आपल्या नावावर अनोळखी कर्ज दिसतंय का बघा. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आयकर पोर्टलवरच्या एआयएसमध्ये, म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाच्या तपशिलात, न घेतलेला पगार दिसला तर तुमचा पॅन कुणीतरी वापरतो आहे असं समजा. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं.

११. कंपनी परदेशी असेल तर

ब्रिटनमधल्या कंपनीची नोंद ‘कंपनीज हाउस’च्या साइटवर फुकट दिसते. अमेरिकेत देशभराची एकच यादी नाही, ज्या राज्यात नोंदणी असेल तिथल्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’च्या साइटवर शोधावं लागतं. पगार कसा येणार हे आधी लेखी घ्या. भारतातली त्यांची कंपनी देणार, ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ म्हणून मधली संस्था देणार, की तुम्ही कंत्राटदार म्हणून बिल लावणार? तिन्ही मार्ग खरे आहेत. ‘पगार क्रिप्टोत मिळेल, आधी वॉलेटमध्ये थोडे पैसे टाकून ते चालू करा’ हा खरा नाही.

आणि घरून सुरू झालेली ऑफर मध्येच वळण घेऊन ‘दोन महिने ट्रेनिंगला बँकॉकला या, तिकीट आमचं’ म्हणू लागली तर घरच्यांशी बोला आणि जाऊ नका. थायलंडच्या नावाने नेऊन म्यानमारमधल्या म्यावाडीसारख्या ठिकाणी, शिवाय कंबोडिया आणि लाओसमध्ये, तरुणांना कोंडून त्यांच्याकडून हीच ऑनलाइन फसवणूक करून घेतल्याची प्रकरणं घडली आहेत, आणि भारत सरकारने तिथून माणसं सोडवून आणली आहेत. परदेशात नोकरी लावणारा एजंट नोंदणीकृत आहे का हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं.

१२. संशयास्पद दिसतं, पण असेलच असं नाही

एवढं वाचून प्रत्येक एचआरला चोर ठरवू नका. बाहेरच्या कन्सल्टन्सीमार्फत भरती होते तेव्हा ईमेल वेगळ्या डोमेनवरून येतो. पार्श्वभूमी तपासणी करणारी संस्था वेगळी असते आणि तीही कागद मागते. पहिली फेरी माणसाशिवाय, रेकॉर्ड केलेल्या प्रश्नांवर होऊ शकते. नव्या स्टार्टअपचं डोमेन नवंच असणार. या प्रत्येक ठिकाणी उपाय एकच: मूळ कंपनीला तिच्या साइटवरच्या पत्त्यावर विचारा, की हे काम तुम्ही अमक्या संस्थेला दिलं आहे का.

१३. पैसे गेलेच तर

पहिल्या तासाला फार किंमत आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. लागला नाही तर लावत राहा, आणि तोवर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरायला घ्या. बँकेलाही लगेच कळवा. पैसा पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार पोचली तर तो तिथेच थांबवता येतो. हाताशी ठेवा: यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर (व्यवहार क्रमांक), रक्कम, वेळ, समोरचा यूपीआय आयडी किंवा खातं, चॅटचे स्क्रीनशॉट. चॅट डिलीट करू नका आणि रागाच्या भरात ब्लॉकही करू नका. आधी सगळं जतन करा, टेलिग्रामवरचं तर नक्कीच, कारण तिथे समोरचा माणूस दोन्हीकडचं संभाषण पुसू शकतो.

तक्रारीचा पोचक्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जा. हिंजवडी, वाकड हा भाग पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे येतो, कोथरूड, हडपसर पुणे शहराकडे. पण हद्दीचं कारण सांगून परत पाठवू नये अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची असते. ते नम्रपणे सांगा. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ डी लागतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

पैसे गेले नाहीत, फक्त मेसेज आला, तरी संचार साथीवरच्या ‘चक्षू’ या तक्रार विभागात तो नंबर कळवता येतो.

तक्रारीनंतर काही दिवसांनी एखादा फोन येण्याची शक्यता असते: ‘तुमचे पैसे सापडले आहेत, आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, फाइल पुढे सरकवायला प्रोसेसिंग फी भरा.’ फसलेल्यांच्या याद्या फिरत असतात आणि दुसऱ्यांदा फसवणारे त्याच यादीवरून फोन करतात. त्यांनाही दुसऱ्या पायरीचाच नियम लावा, आणि तो नंबर आपल्या आधीच्या तक्रारीत जोडून टाका.